निवृत्ती जावई गाण्याचं यंत्र पारखतो

आधीच सांगतो, माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर सांभाळून घ्या. भारी शब्द मला येत नाहीत. पण गोष्टही साधीच आहे, तिचं माझ्या शब्दांवर भागेल.

एका गावात एक भोळा जावई होता. तसा तो जन्मापासूनच भोळा होता, पण जावई झाल्यावर ते चारचौघांच्या नजरेत आलं. त्याचं नाव निवृत्ती. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ, आणि सांगितलेलं ऐकण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची आई म्हणायची, "बाबा रे, कुणी शहाणपणाचं सांगितलं तर गाठ मारून ठेवावी." तेव्हापासून निवृत्तीच्या खांद्यावर एक पंचा असायचा. कुणी काही शिकवलं की तो पंच्याला गाठ मारायचा. धुवायला टाकला की आई पंचा दगडावर आपटायची आणि म्हणायची, "किती शहाणा झालास रे, वाळतच नाही हा."

निवृत्तीचे सासरे अण्णा शेलार. तालुक्याच्या गावी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, अण्णांच्या गाण्याच्या तबकड्या वाजल्याशिवाय मांडव उठत नसे. पुढं तबकड्या कुणी विचारेना. अण्णांनी धंदा सोडला, पण नाद सोडला नाही. जुनी यंत्रं आणायची, खोलायची, पुसायची, तेल घालायचं आणि वाजवत बसायचं. लांबून लांबून लोक आपलं यंत्र दाखवायला आणत. अण्णा नुसता कान लावून सांगत, हे ठेवा, हे भंगारात द्या.

दसऱ्याला अण्णांनी चार माणसांत सांगून टाकलं, "दिवाळसणाला जावयाला अंगठी नाही, घड्याळ नाही. माझ्या चार यंत्रांतलं एक देणार. पारखून मात्र त्यानंच घ्यायचं. ज्याला पारख नाही, त्याच्या घरी चांगलं यंत्र जाऊन काय करणार?"

आता त्या चारांत खरं चांगलं यंत्र एकच होतं. तपकिरी लाकडी पेटी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. ती वैजूच्या आईची. वैजू म्हणजे निवृत्तीची बायको. तिची आई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी त्या पेटीवर भूपाळी लावायची. आई गेली. पेटी अण्णांकडं राहिली. वैजूला दिवाळीला दुसरं काही नको होतं. तिला तिच्या आईची सकाळ हवी होती.

दिवाळीला माहेरी जाताना एस.टी.त ती निवृत्तीला म्हणाली, "अहो, कुठलं यंत्र ते मी सांगायचं नाही, असं अण्णांनी मला बजावलंय. पण पारखायचं कसं ते सांगते. भोंग्याला भुलू नका, रंगाला भुलू नका. उचलून बघा. सगळ्यांत जड असेल ते घ्या. तबकडीखालची थाळी जड असली की एकसारखी फिरते."

"जड ते चांगलं," निवृत्ती म्हणाला आणि पंच्याला गाठ मारली.

वैजू निश्चिंत झाली. तिच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान झालं. अण्णांची बहीण, आत्याबाई, यांनी खोलीत सतरंजी अंथरून तिच्यावर सदरा, धोतर आणि एक रेशमी उपरणं मांडलं. "जावईबापू, यातलं आवडेल ते घाला," म्हणाल्या आणि गेल्या.

निवृत्तीनं सदरा उचलला. हलका निघाला. धोतर उचललं. तेही हलकं. उपरण्यात तर काही दमच नव्हता. मग त्यानं खालची सतरंजी उचलली.

बाहेर अण्णा शेजारच्या पोपटरावांबरोबर चहा पीत बसले होते. निवृत्ती सतरंजी गुंडाळून आला आणि शेजारी बसला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"थंडी वाजतेय का, जावईबापू?" अण्णांनी विचारलं.

"नाही. चांगली आहे. जड आहे."

पोपटरावांच्या बशीतला चहा त्यांच्याच धोतरावर सांडला.

वैजूनं त्याला आत बोलावलं. "अहो, वजन नसतं बघायचं. कापड उलटं करायचं, आतली शिवण बघायची. शिवण चांगली तर सगळं चांगलं."

"वजन बघायचं नाही. शिवण बघायची," निवृत्ती म्हणाला. जुनी गाठ सोडली आणि नवी मारली.

मग फराळ आला. आत्याबाईंच्या करंज्या म्हणजे साऱ्या गल्लीत नावाजलेल्या. कडेला बारीक मुरड, अगदी शिंप्याला लाजवणारी. निवृत्तीनं एक करंजी उचलली. उलटी केली. मुरड उसवली. आतलं सारण ताटात ओतून कड निरखली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. आत्याबाई आणखी वाढायला आल्या, तर ताटात साऱ्या करंज्या उघड्या पडलेल्या आणि मधोमध सारणाचा ढीग.

"शिवण एक नंबर आहे, आत्या," निवृत्ती म्हणाला. "फक्त आत भुसा राहिला होता, तो काढला."

आत्याबाईंनी हातातलं वाढायचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, असल्या गोष्टी डोळ्यांनी बघत नसतात. जिभेवर ठेवायच्या. चांगलं-वाईट जीभच सांगते."

"जीभ सांगते," निवृत्ती म्हणाला. गाठ मारली.

संध्याकाळी अण्णांनी ओटीवर चारी यंत्रं मांडली. एक पितळी भोंग्याचं, चिंच लावून घासलेलं. एक लाल चकचकीत, सुटकेससारखं. एक काळं, त्याला बटणंच बटणं. आणि शेवटी, कोपऱ्यात सारलेली ती तपकिरी पेटी. अण्णा मनात म्हणत होते, हा भोंगा उचलणार. आपली पेटी आपल्याकडं राहणार. शेजारपाजारचे लोक जमले होते. पोपटराव सगळ्यांत पुढं बसले होते, आपली बशी सांभाळून.

वैजू आतल्या दारात उभी राहिली आणि दोन्ही हातांनी हवेतच काहीतरी उचलल्यासारखं करून दाखवू लागली. निवृत्तीनं ते बघितलं. तिनंच सकाळी सांगितलं होतं, वजन बघायचं नाही. बिचारी विसरली असेल. त्यानं मान हलवून तिला धीर दिला.

आणि खाली वाकून भोंगा चाटला.

"आंबट आहे," तो म्हणाला.

मग लाल यंत्र चाटलं. "याला चव नाही." मग काळं. "हे खारट लागतंय."

"अण्णा, लिंबू कापून आणू का?" पोपटरावांनी विचारलं.

तो तपकिरी पेटीकडं वळला, तसं अण्णांनी त्याचा दंड धरला. "जावईबापू, अहो यंत्र आहे ते, चटणी नव्हे. यंत्र कानानं पारखायचं असतं. नीट ऐका. चांगल्या यंत्राला स्वतःचा आवाज नसतो. घरघर नाही, गुणगुण नाही, काही नाही. जे गप्प, ते उत्तम."

"गप्प ते उत्तम," निवृत्ती म्हणाला. गाठ मारली, डोळे मिटले आणि कान पुढं केला.

अण्णांनी भोंग्याच्या यंत्राची किल्ली फिरवली, तबकडी ठेवली. ते दमेकऱ्यासारखं घरघरायला लागलं. निवृत्तीनं नकारार्थी मान हलवली. लाल यंत्र लावलं. गाण्यामागं भुंगा शिरल्यासारखी गुणगुण. निवृत्तीनं पुन्हा मान हलवली. अण्णांना बरं वाटलं. कान आहे गड्याला, ते मनात म्हणाले, आणि लगेच त्यांना धसका बसला. कान असला तर पेटी जाणार.

तरी शब्दाला जागून त्यांनी पेटीवर भूपाळी लावली. आवाज असा आला, की आत्याबाई वाती वळायच्या थांबल्या. वैजूनं चौकट धरली. मधेच गाणं एका जागी अडलं. "उजाडलं गं… उजाडलं गं… उजाडलं गं…"

"लहानपणी वैजूच्या हातून पडली होती ही तबकडी," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "इथंच अडते. अडलं की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. डोक्यावर हळूच एक टिचकी मारायची." त्यांनी सुईच्या दांड्याच्या डोक्यावर टिचकी मारली. गाणं पुढं गेलं.

निवृत्तीनं तीही गाठ मारली.

शेवटी अण्णांनी काळ्या यंत्राचं बटण दाबलं. थाळी फिरली नाही. दिवा लागला नाही. ते गेली सात-आठ वर्षं बंदच होतं, नुसतं मांडायला बरं दिसतं म्हणून ठेवलेलं. निवृत्ती कितीतरी वेळ कान लावून बसला. मग त्यानं डोळे उघडले.

"हे," तो म्हणाला. "पेटी तर सारखी गातच होती. हे चकार शब्द बोललं नाही."

लोक पोट धरून हसले. अण्णाही हसले. "घेतलंत ना? घेतलंत. शब्द म्हणजे शब्द," म्हणाले आणि पेटीवर पुन्हा फडकं टाकून आले. फडकं टाकताना त्यांची नजर दाराकडं गेली. दारात वैजू नव्हती.

जेवताना वैजू एक शब्द बोलली नाही. निवृत्तीला फार समाधान वाटलं. तो आत्याबाईंना म्हणाला, "वैजू अगदी उत्तम चाललीय. घरघर नाही, गुणगुण नाही."

"अरे देवा," आत्याबाई म्हणाल्या. "बाई गप्प झाली म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, जावईबापू. जा, विचारा तिला."

निवृत्ती परसात गेला. "वैजू, तुला कुठलं यंत्र हवं होतं?"

"आता सांगून काय? तपकिरी. आईचं."

"मग आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं की. जड असेल ते घ्या म्हणून."

"पण सकाळी तूच म्हणालीस, वजन बघायचं नाही."

वैजूनं कपाळावर हात मारून घेतला.

"अण्णांना जाऊन सांगतो," निवृत्ती म्हणाला.

"नको. सगळ्यांदेखत घेतलंत, आता मागं फिरू नका. तुम्ही यातलं एक अक्षर काढायचं नाही."

निवृत्तीनं एक अक्षर न काढता गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. काळं यंत्र गोणपाटात बांधून सीटवर ठेवलं होतं. वैजू आत्याबाईंच्या पाया पडली, अण्णांच्या पाया पडली. तिचे डोळे सुजलेले होते. अण्णा नुकतीच अंघोळ करून आले होते. डोक्यावर टोपी नव्हती, टक्कल तांब्यासारखं चमकत होतं. ते एकदा वैजूकडं बघत होते, एकदा आत, फडक्याखालच्या पेटीकडं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी काय म्हणतो…"

सगळे थांबले.

"मी काय म्हणतो…"

अण्णांनी घसा खाकरला. पेटीकडं बघितलं.

"मी काय म्हणतो…"

"अण्णा, एस.टी. चुकेल," रिक्षावाला म्हणाला.

"मी काय म्हणतो…"

निवृत्तीला बोलायची बंदी होती. त्यानं पंचा खांद्यावरून काढला आणि गाठी चाचपल्या. कालची गाठ हाताला लागली. तो ओरडला नाही. त्यानं ढकललंही नाही. हातातली फराळाची पिशवी त्यानं खाली ठेवली, अण्णांपुढं जाऊन उभा राहिला, आणि त्यांच्या टकलाच्या बरोबर मधोमध हळूच एक टिचकी मारली.

टक् असा आवाज आला.

वैजूनं पदर तोंडात धरला. आत्याबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी कलंडली. पोपटराव हा सोहळा बघायला कुंपणावरून इतके वाकले, की कुंपणच वाकलं. अण्णा डोळे विस्फारून जावयाकडं बघत राहिले.

"…ती तपकिरी पेटी घेऊन जा म्हणतो," अण्णा म्हणाले.

मग ते स्वतःच आत गेले, फडक्यासकट पेटी उचलून आणली आणि रिक्षात बसलेल्या वैजूच्या मांडीवर ठेवली. तबकडी तिच्या हातात दिली. काळं यंत्र उतरवून घेतलं. निवृत्तीही चढून बसला. रिक्षा सुरू झाली, तसे ते दांड्याला धरून आत वाकले.

"उन्हात ठेवू नका. सुई झिजली की मला कळवा. आणि जपून न्या हं. जपून न्या. जपून न्या…"

निवृत्ती रिक्षातून खाली उतरला.

अण्णा झटकन घरात गेले, आणि टोपी घालूनच बाहेर आले.