बांधावरची बसणावळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. आणि त्या राज्याचं नाव ज्यानं मला ही गोष्ट सांगितली त्यानंच गिळून टाकलं. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल. पण कान मात्र मोठ्यांनीच जास्त उघडे ठेवावेत, कारण यातली चूक शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांनीच केली.

त्या राज्यात एक नगर होतं आणि नगराच्या वरच्या अंगाला एक भलंमोठं तळं. एका साली असा काही पाऊस झाला की तळ्याचा जुना मातीचा बांध फुटला आणि निम्मं नगर वाहून गेलं. राजा मनाचा भला. तो चिखलातून अनवाणी फिरला, लोकांच्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, "खजिना रिकामा झाला तरी बेहत्तर, पण पुढच्या पावसाआधी बांध उभा राहिला पाहिजे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर आलं पाहिजे."

दवंडी पिटली गेली. लांबलांबून मातीकाम करणाऱ्या टोळ्या आल्या. गाढवं, पोरंबाळं, टिकाव, फावडी, सगळा संसार बरोबर घेऊन. मुकादम सटवाजीच्या टोळीत ठकू नावाची एक बाई होती. नवरा मागेच वारलेला, कडेवर एक लेक. तोंडानं फटकळ, हातानं चलाख. नगरातल्या अंबू कुंभारणीशी तिची आल्या आल्याच गट्टी जमली. अंबूचं घर, चाक, भट्टी सगळं पुरात गेलं होतं, आणि बांधाच्या पायथ्याशी ताट्यांच्या खोपटात ती कशीबशी राहत होती. ठकू माती वाहायला गेली की तिची लेक अंबूपाशी झोपायची.

"काय गं, कुठवर आला माझा बांध?" अंबू रोज विचारायची.

"तुझा कसला? तुझ्या बापाचा का? माझ्या मानेवरून चढतोय तो!" ठकू म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

आता या लोकांची एक रीत होती, ती आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मातीचा बांध पुरा झाला की टोळी लगेच उठून जात नसे. तळं पहिल्यांदा काठोकाठ भरेपर्यंत ती बांधावरच मुक्काम ठोकी. नवी माती पाण्याच्या भारानं खचते, कुठे भेग पडते, कुठे घूस बीळ करते, कुठे मागच्या अंगाला ओल दिसायला लागते. ओल दिसली की चिकणमाती आणि गवत घेऊन धावायचं आणि चोपून चोपून ती जागा घट्ट करायची. बाकी दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि बसायचं. या दिवसांची त्यांना निम्मी मजुरी मिळे. तिला ते बसणावळ म्हणत. आजवरच्या राजांनी ती कुरकुर न करता दिली होती.

या राजाचा कारभारी मोठा प्रामाणिक. हो, प्रामाणिकच म्हणतोय मी, उगाच भुवया उंचावू नका. खजिन्यातल्या एका कवडीलाही त्यानं कधी हात लावला नव्हता. पुरात त्याची स्वतःची आई गेली होती, आणि उघड्यावर भिजणारी माणसं दिसली की त्याचा जीव तुटायचा. म्हणून त्यानं मजुरीचे नियम नव्यानं केले. जेवढी माती टाकाल तेवढीच मजुरी. हात हलला तर दाम, नाही हलला तर नाही. बसणावळ बंद. तेवढ्या पैशांत नगरासाठी कौलं घ्यायची.

चावडीवर नियम वाचले गेले तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. आपण ताट्यांखाली कुडकुडायचं आणि या परक्यांनी चिलीम ओढत बसायचे पैसे घ्यायचे, हा कुठला न्याय? सगळ्यात मोठ्यानं अंबूच बोलली, "बसायचे पैसे कुणी देतं का कुठं? आधी माझ्या डोक्यावर कौलं घाला!"

ठकू मागेच उभी होती. तोंडात मारल्यासारखं झालं तिला. पण जिचं घरच वाहून गेलंय तिच्याशी कौलांवरून काय भांडायचं, असं तिला वाटलं.

बांध पुरा झाला. चांगला झाला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मग सटवाजी मुकादम कारभाऱ्याकडे गेला. ठकूही बरोबर होती.

"सरकार, तळं भरेपर्यंत आम्हाला ठेवा," सटवाजी हात जोडून म्हणाला.

"मुकादम, बांधात काही कसर ठेवलीत का?" कारभाऱ्यानं शांतपणे विचारलं.

"छे छे! देवाशपथ नाही."

"मग राखण कशाची करायची? काम चांगलं असेल तर राखणीची गरज नाही. आणि राखणीची गरज असेल तर काम वाईट आहे. मग झालेल्या कामाचीही मजुरी मी का द्यावी?"

सटवाजी बिचारा पागोट्याशी चाळा करीत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "सरकार, लेकरू धडधाकट जन्मलं तरी आई त्याला पहिले काही महिने एकटं टाकत नाही."

"आई त्याचे पैसे मागत नाही," कारभारी म्हणाला.

कचेरीत जमलेली माणसं खो खो हसली. आपल्या बोलण्याला लोक हसले की माणसाला आपलं बरोबरच आहे असं वाटतं. कारभाऱ्यालाही तसंच वाटलं.

टोळीनं गाढवांवर सामान लादलं. पलीकडच्या राज्यात विहिरींचं काम निघालं होतं, आणि पोट काही कुणासाठी थांबत नाही. ठकू मात्र जागची हलली नाही.

"मी राहते, बाबा."

सटवाजीनं कपाळाला हात लावला. "खाशील काय, माती?"

"बघीन काहीतरी. अंबू या बांधाच्या खालीच राहते."

"अगं, तिनंच तर चावडीवर..."

"ठाऊक आहे मला तिनं काय केलं ते," ठकू म्हणाली. "म्हणून तिला बुडू देऊ?"

टोळी गेली. ठकू एकटी बांधावरून फेऱ्या मारू लागली. तेवढा लांब बांध एका बाईच्या पायांनी कसा पुरा पडणार? या टोकाला असली की त्या टोकाची काळजी. रानातली भाजी खुडायची, अंबूनं दिलेली अर्धी भाकरी लेकीला भरवायची, आणि पुन्हा चालायचं. आठवड्याभरानं तिला एका जागी ओल दिसली. तिनं चिकणमाती आणली, गवत कोंबलं, लाकडाच्या ओंडक्यानं चोपून जागा घट्ट केली आणि तशाच मळक्या लुगड्यानं कारभाऱ्याकडे गेली.

कारभारी लगेच उठून स्वतः बघायला आला. त्यानं जागा नीट पाहिली.

"किती माती लागली?"

"दोन पाट्या, सरकार."

त्यानं दोन पाट्यांची मजुरी मोजून तिच्या हातावर ठेवली. "घे. मी कुणाचं बुडवत नाही."

"आणि आठवडाभर फेऱ्या मारल्या त्या?"

"फेऱ्यांनी बांध उंच झाला का, बाई?"

ठकूचा संताप संताप झाला. "असं होय? मग रोज एक भोक पाडते आणि रोज बुजवते! तुमच्या नियमानं मला पोटभर मिळेल."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. ही बाई खरंच बांध फोडेल अशी त्याला भीती वाटली. त्यानं बांधावर एक शिपाई बसवला. बांधावर नजर ठेवायला नव्हे हो, ठकूवर! दिवसभर झाडाखाली बसून ठकूकडे बघत राहायचं, एवढंच त्याचं काम. त्याला पगार होता, आणि तोही पुरा.

पावसाचा जोर वाढला. तळं भरत चाललं. अंबूचं घर पुन्हा उभं राहिलं, त्यावर नवी कौलं चढली, तिनं नवं चाक मांडलं. पण लोकांकडे मडकी घ्यायलाही पैसे नव्हते, आणि एक दिवस तिच्या डब्यातलं पीठही संपलं. ठकू लेकीला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा अंबू ओशाळी झाली आणि ओशाळलेली माणसं बोलतात तशी तोडून बोलली.

"माझ्याकडेच नाही गं आता. तुला तिथं बसायला सांगितलंय तरी कुणी? जा, कुठं मजुरी बघ."

लेकीचं अंग तापलं होतं. ठकू म्हणाली, "शेजारच्या गावात खुरपणीला बाया हव्यात. उद्या जाते."

"पोरीला ठेव माझ्यापाशी."

"नको. रात्रीपासून कण्हतेय. माझ्याजवळच असू दे."

दुसऱ्या दिवशी ठकू लेकीला पाठीशी बांधून खुरपायला गेली. ठकू गेली म्हटल्यावर शिपायानंही बाडबिस्तरा गुंडाळला. ज्याच्यावर नजर ठेवायची तेच माणूस नाही, तर तो तरी कशाला भिजत बसेल?

सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारपर्यंत ठकूचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आज तळं काठाला लागणार हे तिला कळत होतं. ती शेताच्या मालकिणीला म्हणाली, "मला जाऊ द्या, बाई."

"दिवस भरलास तर भाकरी," मालकीण म्हणाली. "अर्ध्यावर उठलीस तर काही मिळायचं नाही, आधीच सांगते."

ठकूनं पाठीवरच्या लेकीकडे वळून पाहिलं. पोरीचे ओठ सुकले होते. ठकूनं खुरपं उचललं आणि पुन्हा वाफ्यात वाकली. माझ्या ऐकणाऱ्यांनो, तिला नावं ठेवण्याआधी आपापल्या घरातल्या लेकराकडे एकदा बघा.

थोड्या वेळानं डोंगर कोसळावा तसा आवाज आला. शेतातल्या बाया एकमेकींना विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. ठकूनं विचारलं नाही. ती लेकीला घेऊन चिखलातून धावत सुटली.

बांधाला मधोमध खिंडार पडलं होतं. कुठेतरी ओल आली असेल, कुणी पाहिली नसेल, मग धार लागली असेल, आणि पुढचं पाण्यानं केलं. गेल्या वर्षी निम्मं नगर गेलं होतं. या वेळी कुंभारआळी, तांबटआळी, नवी कोरी घरं आणि कौलांसकट छपरं, सगळं गेलं. अंबू चाकावर बसली होती म्हणे. चार दिवसांनी ती खालच्या ओढ्यात बाभळीला अडकलेली सापडली. ठकूनं तिच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या पदरानं पुसला आणि छाती पिटून रडली. "अंबू, अगं, मी एक दिवस गेले गं! एकच दिवस!"

राजा आला. या खेपेला तो रडला नाही, त्याच्यात तेवढंही त्राण नव्हतं. त्यानं विचारलं, "त्या दिवशी बांधावर कोण होतं?"

"कुणी नव्हतं, महाराज," कारभारी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

इतक्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "रोज ही असायची! हिला सगळं ठाऊक होतं, आणि नेमकी त्याच दिवशी पळाली!" लोकांनी ठकूला पुढे ढकललं. दोघांचौघांनी दगडही उचलले.

राजानं हात वर केला. "बाई, बांध कुठे फुटणार हे तुला ठाऊक होतं?"

"नाही, महाराज," ठकू म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तर कुणीतरी तिथं असावं लागतं. मी नव्हते. मी खुरपत होते. तिथं भाकरी होती, आणि इथं नव्हती."

मग दगड हातांतून खाली पडले. कारभाऱ्यानं कमरेची शिक्क्याची पिशवी सोडून राजापुढे ठेवली आणि तो मान खाली घालून निघून गेला. त्यानं कुणाला लुबाडलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता.

राजानं ठकूला सगळ्या दिवसांची बसणावळ दिली, दुप्पट दिली. तिनं ती घेतली. न घेऊन करते काय, लेकीला औषधपाणी हवं होतं. मग ती त्या नगरातून निघून गेली. लेक वाचली, मोठी झाली, पण ठकूच्या मनातला तो दिवस काही शेवटपर्यंत सरला नाही.

राजानं पुन्हा दवंडी पिटली. बसणावळ मिळेल, पुरी मिळेल, मागाल ती मिळेल. सटवाजीला आणायला तर घोडेस्वार धाडला. म्हातारा विहिरीच्या खड्ड्यातून वर आला, निरोप ऐकला आणि म्हणाला, "माझी माणसं येणार नाहीत. आमच्या हातच्या बांधानं माणसं बुडाली, हे आम्ही आणखी किती वेळा ऐकायचं?" आणि तो परत खाली उतरला. बाकीच्या टोळ्यांपर्यंतही ही कहाणी पोचली होती. एकही टिकाव त्या नगराकडे वळला नाही.

तळ्यात पुन्हा पाणी साठलं नाही. विहिरी आटल्या. आधी कुंभार गेले, मग शेतकरी, मग वाणी. राजा उरलेल्या चार घरांचा राजा झाला, आणि पुढे तीही उठली.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: राखणाऱ्याच्या तोंडची भाकरी काढून जे वाचवलं जातं, ते राखायला मग कुणीच उरत नाही.