सहाणेवर उगाळलेले नाणे

पूर्वी तगर नगरात वसुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. बोधिसत्त्व म्हटला की त्याच्या हातून कधी काही चुकलेच नसेल, असे ऐकणाऱ्याला वाटते. या जन्मात चुकले, आणि चांगलेच चुकले. म्हणून तर ही कथा सांगायची.

वडिलांच्या दुकानात बसता बसता सोमिलला जुन्या नाण्यांचा नाद लागला. एकदा गल्ल्यात चांदीचे एक जुने कार्षापण नाणे आले. त्यावर सूर्य, हत्ती आणि टेकडी असे ठसे होते, आणि ते कोणत्या राजाचे हे दुकानात कोणालाच सांगता येईना. सोमिलने ते कनवटीला लावले आणि त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ तो जुनी नाणी मागू लागला. नवशिक्या संग्राहकाचे सगळे गुण त्याच्यात होते. दिसेल ते घ्यायचे, मागतील ती किंमत द्यायची, आणि घरी आणले की आधी घासायला बसायचे. चिंचेच्या कोळात भिजवून, विटेच्या भुकटीने चोळून तो नाणी लखलखीत करी. समोरच्या बाजूचे ठसे खोल असत, ते उठून दिसत. पाठीवर मात्र बारीक खुणा असत, आडव्यातिडव्या, एकीवर एक. त्या सोमिलला ओरखडे वाटत. मग तो पाठ सहाणेवर धरी, पाणी घाली आणि चंदनासारखी उगाळत बसे.

खरे तर त्या खुणा सराफांच्या होत्या. नाणे कसोटीला उतरले की सराफ आपला छोटासा ठसा त्याच्या पाठीवर मारीत असे. नाणे जितके फिरलेले, तितक्या खुणा जास्त. सोमिलने कोणाला विचारले असते तर त्याला हे सहज कळले असते. पण हौसेच्या भरात माणूस विचारत नाही. आपल्याला कळते आहे असेच त्याला वाटत असते.

एकदा उत्तरेकडून आलेल्या तांड्याने त्याला ओंजळभर काळी पडलेली नाणी विकली. सोमिलने तीही उगाळून चकचकीत केली. ती त्याने राजाला नेऊन दाखवली, तेव्हा राजा इतका खूश झाला की येत्या पौर्णिमेला तुला खजिन्याचा नाणेपारखी नेमतो, असे त्याने भर सभेत सांगितले. सोमिलच्या वडिलांना आकाश ठेंगणे झाले. पाहुण्यांना आमंत्रणेही गेली.

त्याच आठवड्यात भायिला सोमिलकडे आली. ती वेशीपाशी लाह्या विकून पोट भरणारी विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा स्कंदिल सराफीचे काम शिकला आणि तांड्याबरोबर उत्तरेला गेला, तो परत आलाच नव्हता. जाताना त्याने स्वतःच्या हाताने आपला ठसा कोरून घेतला होता, लाह्या पाखडायचे इवलेसे सूप. सुपावरच आपण वाढलो, असे तो म्हणत असे. तेव्हापासून नगरात जिथे जिथे जुनी चांदी दिसे तिथे जाऊन भायिला नाण्यांच्या पाठी बघत आली होती. उत्तरेच्या नाण्यावर सूप दिसले, तर पोरगा निदान तिथवर पोचला आणि कामाला बसला एवढे तरी कळणार होते, आणि त्याचा माग काढायला माणूस धाडता येणार होता.

आता मात्र तिच्याजवळ वेळ उरला नव्हता. बारा वर्षे पत्ता न लागलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत होती, आणि या अमावास्येला ती मुदत भरत होती. दीर रोज येऊन टोचत होता. पोरगा गेला असेल तर त्याला किती काळ ताटकळत ठेवणार, असे त्याचे म्हणणे. आणि तो जिवंत असेल तर आईनेच त्याला चितेवर ठेवल्यासारखे होणार. भायिलाला यातले काहीच ठरवता येत नव्हते.

“बाळा, उत्तरेची नाणी तुझ्याकडे आलीत म्हणे,” ती म्हणाली. “त्यांच्या पाठी तेवढ्या बघू दे. इथली सगळी बघून झालीत.”

सोमिलने मोठ्या हौसेने तबक पुढे केले. भायिलाने एक नाणे उलटून पाहिले, मग दुसरे, मग सगळीच. तिला वाटले आपलेच काहीतरी चुकते आहे. शेवटी तिने विचारले, “यांच्या पाठी कुठं गेल्या?”

सोमिलला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सराफांच्या खुणांचे सगळे समजावून सांगितले. त्याला आठवले, उत्तरेच्या एका नाण्यावर एक खूण इतर खुणांहून खोल होती, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती. ती लवकर जाईना म्हणून त्याने तिथेच जास्त वेळ उगाळले होते. ते सूप असेल. माशाची शेपटी असेल, नाही तर शिंपलाही असेल. त्याने पाहिलेच नव्हते.  उद्या सांगतो, एवढेच बोलून त्याने तिला परत पाठवले.

मग तो मेघिल नावाच्या म्हाताऱ्या सराफाकडे गेला. मेघिलने सगळे शांतपणे ऐकून घेतले. सूप होते असे सांग, म्हणजे ती आनंदात राहील. नाही तर नव्हते असे सांग, म्हणजे ती विधी उरकून मोकळी होईल, असा सल्ला त्याने दिला. दोन्हीकडून तुझी जागा शाबूत राहते, असेही तो म्हणाला. “खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे?” त्याने विचारले. मेघिल वाईट माणूस नव्हता. पण एकदा न पाहता त्या पोराची खूण आपण पुसली, आता न पाहिलेली खूण त्याच्या आईच्या मनावर मारायची, हे त्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः वेशीपाशी गेला. भायिला तापल्या वाळूत लाह्या भाजत होती. भोवती गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या देखतच तो बोलला.

“आई, एका नाण्यावर खूण होती. एका बाजूला रुंद. ती मी उगाळून टाकली.”

“सूप होतं?”

“मी पाहिलं नाही.”

भायिलाचा हात थांबला. कढईतल्या लाह्या करपल्या तरी तिचे लक्ष गेले नाही. “म्हणजे तो आहे की गेला, दोन्ही माझ्याच गळ्यात घातलंस की रे,” ती म्हणाली. तिने त्याला क्षमा केली नाही आणि त्यानेही ती मागितली नाही.

गोष्ट बाजारभर झाली. ज्याला नाण्याची पाठ वाचता येत नाही तो कसला पारखी, असे म्हणून राजाने ती जागा दुसऱ्याला दिली. सोमिलच्या वडिलांना पाहुण्यांपुढे मान खाली घालावी लागली. सोमिलने चकचकीत नाणी चांदीच्या भावाने विकून टाकली. मी परत येईपर्यंत पुतळा करू नका, एवढी विनंती करून तो उत्तरेच्या वाटेला लागला. त्या अमावास्येला भायिलाने पुतळा केला नाही.

नगरामागून नगर, सराफामागून सराफ, त्याने नाण्यांच्या पाठी पाहिल्या. आता त्याला प्रत्येक खूण वाचता येत होती. सूप कुठेच नव्हते. हे शिकायला आपल्याला एका आईची आशा खर्ची घालावी लागली, ही हळहळ त्याला जेवताना आणि चालताना सोडत नसे. तो परत आला तेव्हा त्याचे केस पिकू लागले होते. भायिला अजून लाह्या विकत होती. सापडला नाही, असे त्याने सांगितले. तिने त्याच्यापुढे मूठभर लाह्या ठेवल्या.

ती गेली तेव्हा दिराने अंग काढून घेतले, म्हणून तिला अग्नी सोमिलने दिला. स्कंदिलचा दर्भाचा पुतळा मात्र शेवटपर्यंत कोणी केला नाही.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, मंडपात जमलेल्या भिक्षूंना त्या जन्मी कोण कोण होते ते सांगितले. तेव्हाचा मेघिल म्हणजे आजचा भिक्षू उदायी. भायिला म्हणजे मंडपाच्या कडेला बसलेली ही वृद्ध भिक्षुणी. आणि सोमिल तो मीच.

भिक्षुणीने मान वर केली. “भगवन, मग ते सूप होतं का?” तिने विचारले.

 शास्त्यांना मागचे सगळे जन्म आठवतात, हे तिथे सर्वांना ठाऊक होते.

“तो दिवस मला आठवतो,” शास्ते म्हणाले. “सहाण आठवते, तिच्यावरून ओघळलेलं करडं पाणी आठवतं. पण त्या खुणेकडे मी पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं नाही, ते आजही मला सांगता येत नाही.”

भिक्षुणीने हात जोडले. जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलायचे, अशा सत्यपारमितेचे हे जातक आहे.