गोठ्याचा झरोका

फार पूर्वी, ढगांच्याही वर वसलेल्या एका थंड पठारावर घडलेली ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही.

त्या गावाची एक रीत होती. बर्फ वितळले की सारे गाव गुरांसह खिंडीपलीकडच्या कुरणात जाई. खिंड प्रथम चढणाऱ्या वासराच्या गळ्यात गावाची काशाची घंटा बांधीत. ज्याला चढ झेपत नसे, ते वासरू मात्र खालच्या गावी देऊन टाकावे लागे.

भिवबा गवळ्याच्या गाईला ऐन हिवाळ्यात कालवड झाली. तिच्यासाठी त्याने दुहेरी भिंतींचा गोठा बांधला आणि शेणमातीने एकूण एक फट लिंपली. आत लावलेल्या दिव्याची ज्योतही हलेना.

"वाऱ्याला आत यायचे असेल, तर आता माझी परवानगी लागेल!" भिवबा ऐटीत म्हणाला.

पण कालवड खोकू लागली. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. भिवबाने दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या.

अखेर गाय बोलली, "धनी, दार लावून घटकाभर आमच्याजवळ बसा."

भिवबा बसला. उग्र वासाने त्याचे डोळे चुरचुरले. छतावरून थेंब टपकले, खालच्या ओल्या गवताने धोतर भिजले, आणि तो कुडकुडू लागला.

"थंडी बाहेर राहिली, धनी," गाय म्हणाली, "पण ओल आमच्यापाशी कोंडली गेली. कोरड्या अंगाने माझी लेक थंडी सोसेल. ओल्या अंगाने कशी वाढेल?"

भिवबा उठला. ज्या भिंतीची गावाने वाखाणणी केली होती, तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने, आढ्याखाली, झरोका पाडला. जमिनीला उतार दिला. रोज कोरडे गवत अंथरले.

शेजारचा येसाजी हसला. "काय भिवबा, मिळाली वाटते वाऱ्याला परवानगी!"

"मिळाली," भिवबा म्हणाला, "पण वरच्या वाटेने. माझ्या लेकराच्या अंगावरून जायची नाही!"

कालवडीचा खोकला थांबला. अंगावर दाट, तुकतुकीत केस आले. वसंतात ती शेपटी उभारून खिंड चढली आणि सर्वांच्या आधी माथ्यावर उभी राहिली. येसाजीनेच तिच्या गळ्यात घंटा बांधली.

"गोठा मात्र नामी हो तुझा!" तो म्हणाला.

"गोठा घरी राहिला," भिवबा ताठ मानेने म्हणाला. "हिच्याकडे पाहा!"

तात्पर्य: आसरा किती चांगला, हे त्यात वाढणाऱ्या जिवाकडे पाहून ठरवावे.