सरकारी कोंबडा

फार फार जुनी गोष्ट. घड्याळं अजून जन्माला यायची होती, तेव्हाची. एका नगरात घरोघरी कोंबडे होते आणि ज्याला जेव्हा उठायचं तेव्हा तो उठायचा.

सारजा माळीण सगळ्यांच्या आधी उठे. ऊन लागायच्या आत मोगरा खुडावा, हे तिला आईनं शिकवलेलं. एकटी बाई, एक बाग, त्यावरच तिची चूल पेटायची.

पण उशिरा उठणाऱ्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं. "महाराज, लवकर उठणारे बाजारातल्या सावलीच्या जागा अडवतात. आम्ही मेलो उन्हात!"

राजा मनानं फार चांगला. अशांचीच भीती असते, बरं का! त्यानं दवंडी पिटवली, "आजपासून सगळे समान. सगळ्यांनी एकाच वेळी उठायचं. घरोघरचे कोंबडे जमा करा. सरकारी कोंबडा आरवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही!"

झालं! नगरातले कोंबडे राजवाड्याच्या खुराड्यात गेले. त्यातल्या एकाला गळ्यात चांदीची घंटा बांधून गच्चीवर बसवलं. फुकटचे दाणे खाऊन तो असा सुस्तावला की, ऊन चढलं तरी डोळा उघडेना. गोठ्यात म्हशी रेकून बेजार. सारजा खिडकीतून कोमेजणारा मोगरा बघायची आणि तिला रडू यायचं.

अशात राजकन्येचं लग्न निघालं. हारांचं काम सारजाकडे आलं. लग्नाच्या पहाटे तिनं दारावरच्या शिपायाला विनवलं, "दादा, आजच्या दिवस लवकर सोडा हो."

"कोंबडा आरवला का, मावशी? नाही ना? मग बसा गुमान."

मांडवात हार आले ते माना टाकलेले. राजा कडाडला, "माझ्या लेकीला असले हार? हिची बाग जप्त करा!"

बाग गेली तर खायचं काय? पण जाणारच असेल, तर खरं बोलून तरी जाऊ दे, असं सारजाला वाटलं.

"महाराज, तुमचा हुकूम पाळला म्हणून फुलं अशी. मोडला असता, तर ताजी आणली असती. कोंबडं झाकलंत तुम्ही, पण सूर्य काही उगवायचा राहिला नाही!"

आधी नवरी खुदकन हसली, मग सगळा मांडव हसला. शेवटी राजालाही राहवेना.

"मग आम्ही करायचं तरी काय, बाई?"

"वाटेवर चोर नको, बाजारात खोटं माप नको, तेवढं बघा. उठायचं कधी, ते आमचं आम्ही बघू."

राजानं तिथल्या तिथं खुराडं उघडलं. पुढच्या मुहूर्ताला, ताज्या मोगऱ्याच्या घमघमाटात लग्न लागलं. उशिरा उठणाऱ्यांनी संध्याकाळचा बाजार सुरू केला आणि तिथली गरम भजी खायला सारजा पहिली हजर! सरकारी कोंबडा तेवढा अजून झोपलेला होता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: राजानं वाट राखावी, निघायचं कधी, ते चालणाऱ्यावर सोडावं.