डफ वाजला की दारं बंद

फार जुन्या काळची गोष्ट. राजाचा हुकूम तेव्हा दवंडीवाला डफ वाजवत गावोगाव सांगायचा. बांबूच्या रानाकाठी एक गाव होतं, त्याची तऱ्हाच न्यारी! डफ वाजला रे वाजला, की लोक धडाधड दारं लावून आत दडून बसत. आधीच्या राजाच्या वेळी डफ वाजायचा तो फक्त पट्टीच्या वसुलीसाठी. तो राजा गेला, नवा आला, पण गावाची खोड काही गेली नाही.

तिथं भिवरा नावाची बुरडीण राहायची. नवरा वारलेला, पदरात तीन लेकरं. सुपं-टोपल्या विणून बोटं सोलवटायची, तरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. शेवटी काळजावर दगड ठेवून तिनं थोरल्या चंद्रीला परगावी एका घरी कामाला ठेवायचं ठरवलं. तिथं निदान पोटभर जेवेल तरी. पोर अवघी नऊ वर्षांची हो!

सकाळी मायलेकी गावाबाहेर पडल्या, तोच समोरून डफ घुमला. दडावं तर कुठं? लावायला दारच नव्हतं. पोरीला पदराआड घेऊन भिवरा तिथंच उभी राहिली, आणि म्हणून जन्मात पहिल्यांदा तिनं दवंडी शेवटपर्यंत ऐकली. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या घराला दरमहा राजाच्या कोठारातून धान्य, तेल नि मीठ मिळेल, असं दवंडीवाला सांगत होता.

"दादा, हे कधीपासून?" तिनं विचारलं.

"तीन वर्षं झाली, बाई," म्हातारा दवंडीवाला म्हणाला. "दर महिन्याला येतो नि तुमच्या बंद दारांना सांगून जातो."

तीन वर्षं! भिवराला हसावं की रडावं कळेना. फुकटचं घेतलं तर लोक नावं ठेवतील, असंही मनात आलं. म्हाताऱ्यानं ते ओळखलं.

"कोठार तुमच्याच पट्टीतून भरलंय," तो म्हणाला. "लाज कसली त्यात?"

तो तिला कोठारापर्यंत घेऊन गेला. कोठाऱ्यानं नवरा कधी गेला, लेकरं किती, एवढंच विचारलं आणि पोतं तिच्या पुढ्यात ठेवलं.

परतताना भिवरानं शेजारपाजारची दारं ठोठावून सगळ्यांना ही बातमी सांगितली. मग ती भाकऱ्या थापायला बसली. चंद्रीनं भीतभीत विचारलं, "आये, मला उद्या जायचंय का गं?"

"कुठं नाही जायचं," भिवरा म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कित्येक महिन्यांनी त्या माउलीनं सुखाचा श्वास घेतला.

म्हणून सांगते, लहानथोर हो, जुन्या भीतीपायी कान झाकून घेतले, तर आपल्या हक्काचा घासही आपल्याला मिळत नाही.