आणखीराणीचं विरजण

एक होती राणी. तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही, कारण सगळे तिला आणखीराणी म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागं. शालू आणला की ती म्हणायची, आणखी भरजरी आणा. बाग लावली की म्हणायची, आणखी झाडं लावा. तुम्ही डोळे मिटलेत तरी चालेल, कान तेवढे उघडे ठेवा.

तर या राणीला एक मुलगी होती, इवली. तिला भरवायला राणी स्वतः बसायची. पोट भरलं तरी आणखी एक घास, मग आणखी एक. असं रोज चाललं होतं. मग एकदा काय झालं, इवलीचं पोटच रुसलं. ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. सुकत सुकत अगदी काडी झाली. तिला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवायचीही भीती वाटायची. वैद्यांनी नाडी बघितली आणि सांगितलं, हिला फक्त ताज्या दह्याचा मऊ भात चालेल. तो पोटात गेला तर पोर वाचेल.

दही म्हणजे काय मोठंसं? पण राजवाड्यात दही लागेना. राणीनं दुधात विरजण घातलं, जरा वेळानं झाकण काढून बघितलं, आणखी विरजण घातलं. मग दूध चांदीच्या भांड्यात ओतलं. मग सोन्याच्या. दूध आपलं पातळ ते पातळच. मग तिनं शिपाई पाठवले. त्यांनी घराघरातून दह्याची मडकी उचलून आणली. आणि बरं का, राजवाड्याचा उंबरा ओलांडला की त्या घट्ट दह्याचं पुन्हा दूध व्हायचं.

धारा काढणारी कोंडूबाई हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाईसाहेब, विरजण कुणी हिसकावून आणतं का? वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. मागावं लागतं."

राणी आयुष्यात कधी काही मागायला गेली नव्हती. पण तिनं इवलीकडं बघितलं, दागिने उतरवले, वाटी घेतली आणि मागच्या दारानं निघाली. रस्त्यात तिला कुणी ओळखलं नाही. तिच्या पालखीचे पडदे कायम बंद असायचे, मग ओळखणार कसं?

गावाबाहेर माळावर मेंढरं बसली होती. तिथं शिरमा नावाची धनगरीण पोरांना भाकरी-दही वाढत होती. राणीनं वाटी पुढं केली. शिरमानं बोटाच्या टोकावर दही घेतलं आणि वाटीला पुसलं.

"एवढंच?" राणी म्हणाली.

"बया, विरजण मागितलंस ना? त्याला एवढंच लागतं. जेवायचं असलं तर बस, पोरं सरकून घेतील."

पोरं खरंच सरकली. पण राणी बसली नाही. तिला वाटलं, थेंबभर विरजणानं काय होणार? मग ती पुढं गेली.

पुढं बुरुडाची झोपडी होती. म्हातारा हैबती टोपली विणत होता. राणीनं विरजण मागितलं, तसा काठ बांधून झाल्यावर उठतो, म्हणाला. मग राणी थांबली. तिला कुणासाठी थांबायची सवय नव्हती, पण थांबली. हैबतीनं काठ आवळला, टोपली बाजूला ठेवली. राणीनं विचारलं, अजून बांबू उरलाय, मग थांबलास का?

हैबती हसला. "ताई, ही माळणीची भाजीची टोपली. विणतच राहिलो तर कणगी होईल. मग त्या माळणीनं ती डोक्यावर घ्यायची, का आत बसायचं?"

त्याच्या मडक्याच्या तळाशी चमचाभर दही होतं. त्यानं अर्धं वाटीत घातलं आणि अर्धं आपल्या दुधाला ठेवलं. राणीनं वाटी उचलली. पण सवय कुठं जाते? ती आणखी पुढं गेली.

नदीवर होडीवाली भागूआजी राहायची. राणी पोचली तेव्हा आजीनं नुकताच दिवा लावला होता. राणीनं वाटी पुढं केली. आजीनं मान हलवली. दिवे लागल्यावर घरातलं विरजण कुणाला देत नाहीत, तशी रीतच आहे.

राणीचे डोळे भरले. "माझी पोर मरेल हो, आजी."

भागूआजीनं दिवा उचलून वाटीवर धरला. "अगं, तुझ्या वाटीत आहे की विरजण."

राणीनं वाटीत बघितलं. दिवसभर तिनं पुढच्या दाराकडं बघितलं होतं, वाटीत बघितलंच नव्हतं. तिथं खरंच होतं. एका भांड्याला पुरेल एवढं.

मग ती घरी आली. उंबरा ओलांडला, विरजण तसंच घट्ट राहिलं. तिनं साध्या मातीच्या मडक्यात कोमट दूध घेतलं, विरजण लावलं, वर झाकण ठेवलं आणि मडकं जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

मग झाकणाखालून आवाज आला. दूध म्हणालं, "राणी, आणखी घाल." राणीचा हात पुढं गेला. तिनं मागं घेतला. जरा वेळानं दूध म्हणालं, "राणी, उघडून तर बघ." ती हातावर हात ठेवून बसली. मग दूध अगदी इवलीच्या आवाजात म्हणालं, "आई, एवढ्यानं माझं काय होणार?"

राणी म्हणाली, "पुरे."

हा शब्द त्या राजवाड्यात पहिल्यांदाच उमटला. मग मडकं गप्प झालं.

सकाळी झाकण काढलं, तर दही असं लागलेलं की मडकं तिरकं केलं तरी हलेना. राणीनं मऊ भात कालवला. इवलीनं एक घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. मग म्हणाली, "पुरे, आई."

चौथा घास राणीच्या हातात तयार होता. सगळे तिच्याकडं बघत होते. राणीनं तो घास परत ताटात ठेवला आणि पोरीचं तोंड पुसलं.

दुपारी इवलीनं आपण होऊन भात मागितला. पुढं ती चांगली धावायला लागली. राजवाड्याच्या मागच्या दारात विरजणाचं मडकं असायचं. कुणीही यावं, दिवे लागायच्या आत, वाटी घेऊन. राणी स्वतः बोटानं द्यायची. सगळी माणसं सुखात राहिली.

आता डोळ्यांवर झाकण ठेवा. पांघरूण घ्या गुंडाळून. आणि उघडून बघायचं नाही बरं का, हलायचं नाही. सकाळपर्यंत झोप छान लागेल.