वाळलेली कणीक

"बुवा, मेलेल्या अंगानं पखवाज वाजवता येतो का?"

दिगंबरानं दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. वाकून पाया पडायची त्याची सोयच राहिली नव्हती. दिवाळीआधी छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि आता होळी जवळ आली तरी वाकलं की छातीचं हाड आतून कट्‌ वाजायचं.

नदीकाठच्या मठात एका खोलीत नागेशबुवा एकटेच राहत. वय ऐंशीच्या घरात. एकेकाळी तिथं दिवसभर पखवाजाची शिकवणी चालायची. आता चालत नव्हती.

"आधी बस," बुवा म्हणाले.

दिगंबर दाराजवळच बसला. भिंतीला धरून, एक हात छातीशी घेऊन, बेताबेतानं. हाच तो दिगंबर बरं का, ज्यानं भर मैफलीत गवयाला थांबवून "तुमची मात्रा गेली" असं सुनावलं होतं! लयीचा एवढा गर्व त्या भागात दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचाही.

"काय होतंय?"

"काय होत नाही ते विचारा! डावीकडची छाती बधिर आहे. हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखा वाटतो. मध्येच तिथंच चमक मारते. ऑपरेशनसाठी पायाची शीर काढली, तिथं मुंग्या येतात. परवा नळ सोडला, बादली भरत होती, आणि मला हुंदका आला. कशाचा? कशाचाच नाही!"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सगळं तपासलं. हाड जुळतंय, हृदय छान चाललंय. भरून येताना असं होतं म्हणे, धीर धरा. बधिरपणा जाईल, नाहीतर थोडा राहील."

"मग?"

दिगंबरानं आवाज खाली आणला.

"बुवा, उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येतात. ऐकायचे नसले तरी येतात. आणि ते चुकतात हो. मध्येच एखादी मात्रा गाळतात. डॉक्टर म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही. त्यांचं काय बिघडणार! जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता माझ्याच आत एक बेताल बसलाय."

रिक्षावाल्यानं दाराशी आणून ठेवलेल्या पखवाजाकडे त्यानं बोट केलं.

"तुम्ही दिलेला. परत घ्या. एखाद्या धडधाकट माणसाला द्या."

बुवा उठले, पलीकडच्या कोपऱ्यातून दुसरा एक पखवाज पोटाशी धरून घेऊन आले आणि तो दिगंबराच्या पुढ्यात ठेवून त्यावरची धाबळी काढली.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय त्याला भरदार आवाज येत नाही. वाजवून झालं की ती लगेच खरवडून काढायची. तशीच राहिली तर वाळते, कातडं आखडतं आणि ते मढवलेलं तोंड, म्हणजे पुडी, निकामी होते. या एका चुकीसाठी बुवांनी किती शिष्यांच्या पाठीत धपाटे घातले असतील, मोजदाद नाही. दिगंबरानंही खाल्ले होते. आणि या पखवाजावर कणकेचा थर वाळून, भेगाळून पार दगड झाला होता.

दिगंबर आपलं दुखणं विसरला.

"अहो बुवा, हे काय! कणीक तशीच? कुणा गाढवानं ठेवली?"

"मोरूनं."

...

मोरू, म्हणजे मोरेश्वर, हा बुवांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तो घरी परत आला नाही. दिगंबराची मान खाली गेली. कुठून तोंड उघडलं, असं त्याला झालं.

"रियाज चालला होता," बुवा म्हणाले. "छातीत कळ आली. निघताना म्हणाला, राहू द्या बाबा, आल्यावर मी काढतो."

बाहेर घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज तेवढा येत राहिला.

"काढ," बुवा म्हणाले.

"मी?"

"माझ्यानं होत नाही रे."

पाण्याची वाटी आली. दिगंबर थेंब थेंब पाणी सोडत राहिला, नखानं कड उचलत राहिला. एकदा छातीत कट्‌ वाजलं. तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा कामाला लागला. कणकेच्या खपल्या निघत गेल्या. बुवा एकेक खपली उचलून आपल्या उपरण्यात ठेवत होते. ते पाहून दिगंबराला रडू फुटलं. या वेळी कशाचं, ते त्याला पक्कं माहीत होतं.

खालचं कातडं काळपट, ताठ निघालं. त्यानं पंजा टाकला. थप्‌. घुमारा नाही, काही नाही.

"गेली हो पुडी. मेली."

बुवा सरकून जवळ आले. त्यांनी दिगंबराच्या सदऱ्यावरून, डावीकडे, अलगद हात ठेवला.

"कळतंय?"

"नाही."

"दवाखान्यात शेवटी मोरूच्या छातीवर असाच ठेवला होता. त्यालाही कळत नव्हतं."

हाताखाली ठोके पडत होते. पडत होते, पडत होते... मग एक पडलाच नाही. दिगंबरानं शरमेनं डोळे मिटले. बुवांचा हात तिथंच राहिला. पुढचा ठोका आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"चुकला, बुवा."

"हं. आला की पुन्हा."

"हात काढा हो. मला काहीसुद्धा कळत नाही."

बुवांनी दुसऱ्या हातानं दाराशी ठेवलेला पखवाज ओढला आणि दिगंबराच्या मांडीला टेकवला. छातीवरचा हात काढला नाही.

"मला कळतंय," ते म्हणाले. "तू वाजव."